कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर नगरीने महाराष्ट्रास जी अनेक नररत्ने दिली, त्यांत कलामहर्षी बाबूराव पेंटर यांची गणना प्रामुख्याने करावी लागेल. चित्रकार, शिल्पकार, यंत्रकार आणि चित्रपटकार अशा चारही नात्यांनी त्यांनी कीर्ती मिळविली. शालेय शिक्षण बेताचे आणि गाठीस द्रव्य नाही, अशा स्थितीत ती त्यांनी मिळविली, म्हणून त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे एका कारागिराच्या घरी झाला. वडील कृष्णराव यांचा हात लाकूड आणि हस्तिदंत यांवरील कामात तरबेज होता. हत्यारे हीच या मुलाची खेळणी आणि घर हीच त्याची कलाशाळा. त्यांचे बंधू आनंदराव हेही तसेच गुणी. हे दोघे मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी रंगविलेले पडदे पाहून प्रेक्षक थक्क होत. लोक त्यांस पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

इ. स. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट प्रकट झाला. तो पाहून या बंधूंच्या मनाने घेतले की आपणही चित्रपट काढावा. परंतु कॅमेरा आणावा कोठून? विलायती यंत्राची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती आणि १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यामुळे परदेशी माल मिळणे अधिकच दुर्घट झाले. तेव्हा कॅमेरा स्वतःच घडवावा, असा निश्चय त्यांनी केला.

हे काम किती कठीण, याची कल्पना विद्यार्थ्यांस यावी म्हणून थोडा खुलासा करतो. चित्रपट म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची माळ होय. त्या काळी हाताने दांडा फिरवून सेकंदास सुमारे १६ चित्रे घेत आणि एक फूट फितीवर १६ चित्रे मावत, म्हणजे दर सेकंदास एक फूट फीत पुढे सरकावी लागे. तीही सलग सरकून चालत नसे. फितीच्या कडेच्या छिद्रांत यंत्राचा आकडा अडकावा, त्याने फीत एका चित्राइतकीच ओढावी, ती क्षणभर निश्चल राहावी, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत यावा आणि झडप मिटताच फीत पुन्हा हलावी, असा हा क्रम आहे. दातेरी चाकांत केसभर ढिलाई राहिली तरी पडद्यावरील चित्र थरथरू लागते. असे यंत्र या बंधूंनी हातच्या हत्यारांनी घडविण्यास आरंभ केला. मध्येच १९१६ मध्ये आनंदराव कालवश झाले. उजवा हात गेल्यासारखे ते दुःख होते. तथापि बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी पुनः पुनः चाके कातली, पुनः पुनः मोडली आणि १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा सिद्ध झाला.

याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन झाली. तानीबाई कागलकर या गायिकेने विश्वासाने भांडवल पुरविले. आपल्या कॅमेऱ्याने बाबूरावांनी घेतलेला पहिला चित्रपट सैरंध्री १९२० मध्ये पुण्यास दाखविण्यात आला. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. त्या काळी ही धिटाईची गोष्ट होती. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की ते वगळणे भाग पडले. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी दिली.

बाबूरावांची कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. चित्रीकरणापूर्वी प्रत्येक पात्राचा वेष, दागिने आणि वाडे यांची रेखाचित्रे ते स्वहस्ते काढीत. रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी खरी खोली व उंची असलेले देखावे उभारले. सिंहगड या १९२३ मधील चित्रपटात रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. जाहिरातीची भित्तिचित्रेही ते स्वतःच रंगवीत.

सिनेमा पाहून मुले बिघडतात, अशी तक्रार पालक वारंवार करतात आणि ती अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु बाबूरावांचा १९२५ मधील सावकारी पाश हा चित्रपट या संदर्भात आठवावा. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीची मजुरी पत्करणारा शेतकरी दाखविला आहे. देवादिकांच्या चमत्कारकथांस सरावलेल्या प्रेक्षकांसमोर बाबूरावांनी खेड्यातील झोपडी आणि उपाशी माणूस उभा केला. आमच्या बीड जिल्ह्यातील मुलांस ही कथा परकी वाटू नये. मुकादमाकडून उचल घेऊन दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणाऱ्या बैलगाड्या व ट्रक त्यांनी पाहिलेच आहेत. वर्गातील काही बाके तेव्हा रिकामी पडतात. जे दुःख आपण रोज पाहून न पाहिल्यासारखे करतो, ते पाहावयास लावणे हे कॅमेऱ्याचे उत्तम कार्य होय.

बाबूरावांच्या हाताखाली अनेक शिष्य तयार झाले. इ. स. १९२९ मध्ये त्यांतील दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे चौघे कंपनी सोडून गेले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूच्या मनास तो प्रसंग किती लागला असेल! लवकरच महाराष्ट्र फिल्म कंपनीही बंद पडली. परंतु दामले व फत्तेलाल यांच्या संत तुकाराम या चित्रपटाचा १९३७ मध्ये व्हेनिस येथे गौरव झाला, तेव्हा त्या यशाचे बीज कोल्हापूरच्या त्या कारखान्यातच पडले होते, हे जाणत्यांनी ओळखले. पुढे लोकशाहीर राम जोशी या १९४७ मधील चित्रपटाच्या दिग्दर्शनात गुरु बाबूराव व शिष्य शांताराम यांची नावे एकत्र आली, ही समाधानाची गोष्ट होय.

बोलपटांच्या युगातही बाबूरावांनी चित्रपट दिग्दर्शित केले, परंतु चित्रे आणि शिल्पे यांतच त्यांचे मन अधिक रमे. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ त्या शहरात खरी कॉर्नर येथे कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे.

आपल्या अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. कागदावाचून त्या संतकवीचे अडले नाही. त्याने कापडावर ग्रंथ लिहिला. कॅमेऱ्यावाचून बाबूरावांचे अडले नाही. त्यांनी तो घडविला. प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यात एका चाकराने धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवला आणि तो दोषी ठरला. बाबूरावांनी आपल्या वाट्यास आलेले कौशल्य पुरून ठेवले नाही. ते वाढविले आणि शिष्यांस वाटले. आमच्या शाळेतील ज्या मुलास साधने नाहीत म्हणून खंत वाटते, त्याने आपल्या दोन हातांकडे एकदा नीट पाहावे.