बाबासाहेब, धरणे आणि खडकवासल्याची प्रतिकृती

कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या आपण रोज पाहतो. पण देशाच्या पाणी आणि वीज धोरणाचा पाया कोणी घातला, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसते. बाबासाहेब म्हटले की घटना आणि चवदार तळे, एवढ्यावरच आपण थांबतो.

१९२७ साली महाडला पाण्याच्या हक्कासाठी लढलेले बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. बांध घालून पूर अडवण्याची जुनी रीत बाबासाहेबांनी नाकारली. ते अर्थशास्त्रज्ञ होते. जास्तीचे पाणी हे संकट नसून संपत्ती आहे, ते साठवून शेतीला पाणी, कारखान्यांना वीज आणि वाहतुकीला जलमार्ग द्यावा, ही भूमिका त्यांनी ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत मांडली. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग उभा राहिला. दामोदर आणि महानदीच्या योजना भावनेवर नव्हे, तर तज्ज्ञांच्या मोजमापावर उभ्या राहिल्या.

या मोजमापाचे मोठे घर पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या संशोधन संस्थेत धरणाची लहान प्रतिकृती बांधून तीत पाणी सोडतात. प्रतिकृती शंभरपट लहान असेल तर पाण्याचा वेग दहापट कमी आणि विसर्ग एक लाखपट कमी धरावा लागतो. धरणाची उंची किंवा सांडवा वाढवायचा असेल, नवे वीजसंच बसवायचे असतील, तर पाणी कुठे उसळेल, पायथा कुठे खरवडेल, हे आधी तिथे कळते. चूक सिमेंटच्या छोट्या नमुन्यात झाली तर दुरुस्त होते. नदीवर झाली तर गावे वाहून जातात.

महानदीवरील हिराकुड धरणाचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ रोजी झाले. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण त्याआधी जेमतेम पाच आठवडे झाले होते. त्या धरणाने लाखावर माणसे उठवली. आता वाढलेल्या महापुराच्या अंदाजामुळे तिथे जादा सांडव्याची योजना आली, तेव्हाही वस्त्या हलवण्याचाच प्रश्न उभा राहिला.

प्रतिकृतीत पाणी मोजता येते, पण उठवलेल्या माणसांचे हिशेब त्यात नसतात. ते कायद्याने मागावे लागतात. म्हणून विस्तार धरणाचा असो की कोराडीसारख्या वीज केंद्राचा, जनसुनावणीला जा, अहवाल मागा, वाचा आणि लेखी हरकत घ्या. बाबासाहेबांनी विज्ञानही दिले आणि घटनाही दिली. एक हातात घेऊन दुसरे सोडून चालणार नाही.