रोमच्या पारितोषिकाचा मानकरी : झाक लुई दाविद

चित्रशाळेतील शिक्षण संपलेले असते आणि चित्रकाराचा व्यवसाय अजून सुरू व्हावयाचा असतो. त्या मधल्या काळात तरुण कलावंताने पोटाची खळगी कशी भरावी, हा प्रश्न फार जुना आहे. हातात कसब आलेले असते, पण गिऱ्हाईक ओळखीचे नसते. रंग घ्यावयास पैसा लागतो आणि पैसा मिळावयास आधी चित्र लागते. या पेचातून वाट काढण्यासाठी फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या अमदानीत, इ. स. १६६३ मध्ये, एक पारितोषिक सुरू करण्यात आले. शिक्षण पुरे होत आलेल्या विद्यार्थ्यांतून स्पर्धेने एकाची निवड करावयाची आणि त्यास राजाच्या खर्चाने काही वर्षे रोम शहरी ठेवावयाचे, अशी ती योजना होती. राहण्या-जेवण्याची चिंता नाही, प्राचीन मूर्ती आणि थोर चित्रे डोळ्यांसमोर, आणि परत आल्यावर राजदरबारची कामे जवळजवळ हमखास! फ्रान्समधील प्रत्येक होतकरू चित्रकाराचे डोळे या रोमच्या पारितोषिकाकडे लागलेले असत, यात नवल ते काय?

हे पारितोषिक ज्याने जिवाच्या आकांताने मिळविले आणि ते देणारी संस्था पुढे ज्याने स्वतःच मोडून काढली, त्या झाक लुई दाविद या चित्रकाराचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

दाविदचा जन्म ३० ऑगस्ट १७४८ रोजी पॅरिस येथे झाला. तो नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील द्वंद्वयुद्धात मारले गेले. मुलाचा सांभाळ वास्तुविशारद असलेल्या दोघा मामांनी केला. भाच्यानेही इमारतींचे आराखडे काढावेत ही घरच्यांची इच्छा होती, परंतु शाळेत धड्याकडे लक्ष न देता वहीत चित्रे काढीत बसणाऱ्या या मुलाने आपला हेका सोडला नाही. बूशे हा त्या काळचा नामांकित चित्रकार त्याच्या दूरच्या नात्यातील होता. बूशे तेव्हा वृद्ध झाला होता. त्याने मुलास व्हियां या दुसऱ्या चित्रकाराकडे पाठविले आणि १७६६ मध्ये दाविद राजाच्या कला अकादमीच्या शाळेत दाखल झाला. तरुणपणी तलवारीचा खेळ खेळताना त्याच्या गालास जखम झाली होती. ती बरी झाली तरी गाठ राहून गेली आणि त्यामुळे त्याचा उच्चार कायमचा अडखळता झाला.

स्पर्धेची रीत मोठी कडक होती. विषय ग्रीक-रोमन पुराणकथांतून, प्राचीन इतिहासातून किंवा बायबलमधून दिला जाई. प्रथम त्या विषयाचा कच्चा आराखडा काढावा लागे. त्यातून निवडलेल्या थोड्या उमेदवारांस एकेका कोठडीत स्वतंत्रपणे बसवीत आणि तेथे, बाहेरच्या कोणाचीही मदत न घेता, काही आठवड्यांत मोठे चित्र पुरे करावे लागे. मूळ आराखड्यापासून फारसे दूर जाण्याची मोकळीक नसे. मग अकादमीतील जाणती मंडळी निकाल देत. हे परीक्षकच बहुतेक उमेदवारांचे गुरू! आपल्या शिष्याची बाजू घेण्याचा मोह त्यांस कितपत आवरत असेल, हे आम्ही वाचकांवरच सोपवितो.

१७७१ साली दाविदने मार्स आणि मिनर्व्हा या देवतांच्या युद्धाचे चित्र काढले. त्यास दुसरे बक्षीस मिळाले, पण रोमला जाण्याचा मान पहिल्याचाच. १७७२ साली नायोबी राणीच्या मुलांचा अपोलो आणि डायना बाणांनी संहार करतात, हा विषय आला. या वेळी आपणच जिंकणार अशी दाविदची खात्री होती, परंतु पारितोषिक इतरांस गेले. आपल्यावर जाणूनबुजून अन्याय झाला असे त्याने मनाशी घेतले आणि खोलीचे दार आतून लावून अन्नत्याग केला. वय होते चोवीस. अडीच दिवस तो तसाच उपाशी पडून राहिला. अखेर परीक्षकांपैकीच एक, द्वायां नावाचा चित्रकार, दारापाशी आला. असे चित्र काढू शकणाऱ्याने मरणाची भाषा करू नये, अशा अर्थाचे चार शब्द तो बोलला आणि दार उघडले गेले. निकाल देणाऱ्याने हरलेल्याच्या दाराशी जाऊन त्याची समजूत घालावी, ही गोष्ट आम्हांस त्या साऱ्या स्पर्धेतील सर्वांत मोलाची वाटते.

१७७३ साली तत्त्वज्ञ सेनेका याच्या मृत्यूचा विषय होता. तेव्हाही दाविद हरला आणि पेरों नावाचा सोबती रोमला गेला. १७७४ साली मात्र विषय असा आला की तो आमच्याकडील कोणाही वैद्यास आवडावा. अँटायोकस नावाचा राजपुत्र अंथरुणास खिळला आहे, त्याच्या रोगाचे निदान कोणासच होत नाही. एरासिस्ट्राटस हा वैद्य त्याची नाडी पाहत असताना राजाची तरुण राणी जवळ येते, नाडी एकाएकी जलद चालू लागते आणि राजपुत्राचे दुखणे मनाचे आहे हे वैद्यास कळून चुकते. या चित्राने दाविदला अखेर पहिले पारितोषिक मिळवून दिले.

१७७५ च्या शरद ऋतूत तो रोमला निघाला. त्याचे गुरू व्हियां यांचीच रोममधील फ्रेंच अकादमीच्या प्रमुखपदी नेमणूक झाली होती. निघताना दाविदची घमेंड अशी, की प्राचीन शिल्पे निर्जीव आहेत, ती आपणास काय शिकविणार! रोममध्ये पोहोचल्यावर ही घमेंड हळूहळू विरघळली. मूर्तींसमोर, स्तंभांसमोर, शवपेट्यांवरील कोरीव कामासमोर बसून त्याने रेखाटनांच्या वह्यांवर वह्या भरल्या. आयुष्यभर पुरेल एवढी ती शिदोरी होती. १७७९ मध्ये तो नेपल्सकडे गेला आणि ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली व पुन्हा उकरून काढलेली प्राचीन नगरे त्याने पाहिली. डोळ्यांवरील मोतीबिंदू काढल्यावर जसे स्वच्छ दिसावे तसे आपणास झाले, असे तो पुढे सांगत असे.

१७८० मध्ये तो पॅरिसला परतला. कामे मिळू लागली. १७८२ मध्ये त्याचा विवाह शार्लोट पेकूल हिच्याशी झाला. तिचे वडील सरकारी इमारतींचे कंत्राटदार असल्यामुळे घरात पैशाची ददात उरली नाही. पुढच्या वर्षी ज्या अकादमीने त्यास तीनदा परतविले होते, तिनेच त्यास आपला सभासद करून घेतले. त्याच्या चित्रशाळेत आता शिष्य जमू लागले.

या शिष्यांपैकी द्रुए याची हकिगत विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १७८३ च्या स्पर्धेत द्रुएला आपले चित्र इतके असमाधानकारक वाटले की त्याने ते कापून टाकले आणि तुकडा घेऊन तो गुरूकडे गेला. दाविदने तुकडा पाहिला आणि हातचे पारितोषिक घालविलेस म्हणून त्यास बोल लावला. आपणास आवडले ना, मग मला बक्षीस मिळाल्यासारखेच आहे, असे शिष्याने उत्तर दिले. पुढच्या वर्षी पारितोषिक त्यासच मिळाले आणि सोबत्यांनी त्यास खांद्यांवर घेऊन मिरविले. द्रुए रोमला निघाला तेव्हा दाविदही त्याच्याबरोबर गेला आणि तेथेच त्याने ‘होरेशी बंधूंची शपथ’ हे प्रचंड चित्र पुरे केले. चित्र राजासाठी होते व त्याचे माप ठरवून दिलेले होते. दाविदने मापाची पर्वा न करता ते सुमारे चौदा फूट रुंद केले. तीन भाऊ हात पुढे करून तलवारींवर शपथ घेत आहेत आणि एका बाजूस स्त्रिया शोकाने खचून बसल्या आहेत, असा हा देखावा १७८५ मध्ये प्रथम रोमकरांनी आणि मग पॅरिसकरांनी गर्दी करून पाहिला. युरोपातील चित्रकलेचे वळण त्या एका चित्राने पालटले. द्रुए मात्र १७८८ मध्ये रोम येथेच देवीच्या रोगाने दगावला. तो अवघा चोवीस वर्षांचा होता.

१७८९ मध्ये राज्यक्रांती झाली आणि दाविद तीत सर्वस्वी ओढला गेला. १७९२ मध्ये तो राष्ट्रसभेवर निवडून आला. १७९३ च्या जानेवारीत राजास देहान्त शासन द्यावे असे मत त्याने दिले. ज्याच्या खजिन्यातून त्याचा रोमचा खर्च चालला होता, तोच हा सोळावा लुई! राजनिष्ठ पत्नीने त्याच्याशी काडीमोड घेतला (१७९६ मध्ये दोघांनी पुन्हा विवाह केला, हे सांगितले पाहिजे). पुढे पोलीस खात्यावरील समितीत बसून त्याने अटकेच्या अनेक हुकुमांवर सह्या केल्या. याच वर्षी त्याने न्हाणीच्या टबात खून झालेल्या मारा या क्रांतिकारकाचे चित्र काढले. ते जगातील उत्तम चित्रांत गणले जाते, आणि तसे ते आहेही; पण ज्या हाताने ते काढले त्याच हाताच्या त्या सह्या आम्हांस विसरता येत नाहीत.

८ ऑगस्ट १७९३ रोजी राजाची कला अकादमी बंद करण्यात आली. ती मोडण्याविषयी सर्वांत तावातावाने भांडणारा दाविदच होता. मूठभर वृद्धांच्या मर्जीवर तरुणांचे भवितव्य लोंबकळत राहते, हा त्याचा आक्षेप होता. तो खोटा म्हणवत नाही, पण १७७२ सालचे ते बंद दार त्याच्या मनात अजून होतेच, असे आम्हांस वाटते. काही वर्षे रोमचे पारितोषिकही बंद पडले.

रोबेस्पिएरचा पाडाव होण्याच्या आदल्या दिवशी त्याच्याबरोबर विषाचा पेला पिण्याची भाषा दाविदने केली होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ जुलै १७९४ रोजी, तो आजारी म्हणून घरीच राहिला आणि त्यामुळे मानेवरचे संकट टळले. पण तुरुंग चुकला नाही. सुटून आल्यावर त्याने ‘साबाइन स्त्रिया’ हे चित्र काढले आणि १७९९ मध्ये ते पाहावयास तिकीट लावले. फ्रान्समध्ये ही गोष्ट नवी होती. लोकांनी कुरकुर केली. कलावंताने धनिकांच्या दारी उभे न राहता लोकांच्या पैशावर स्वाभिमानाने जगावे, असे दाविदचे म्हणणे होते. ते आम्हांस पटते, आणि गर्दी पाहता पॅरिसच्या लोकांनाही पटले असावे.

रोमचे पारितोषिक १७९७ मध्ये पुन्हा सुरू झाले होते. १८०१ मध्ये ते दाविदच्या आंग्र नावाच्या शिष्याने मिळविले, परंतु सरकारी तिजोरीत खडखडाट असल्यामुळे त्यास १८०६ पर्यंत पॅरिसमध्येच थांबावे लागले. मुलींनी तर याहून दीर्घ प्रतीक्षा केली. १९०३ पर्यंत त्यांस स्पर्धेत प्रवेशच नव्हता आणि पहिले पारितोषिक एका स्त्रीस, ल्युसिएन ह्यूवेलमान्स या शिल्पकर्तीस, १९११ मध्ये मिळाले. आमच्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२० नंतरच्या दशकात याच धर्तीवर हिंदी विद्यार्थ्यांसाठी दिल्लीचे पारितोषिक असावे म्हणून खटपट केली होती. खुद्द फ्रान्समध्ये ही स्पर्धा १९६८ मध्ये बंद करण्यात आली. रोममधील फ्रेंच अकादमी मात्र आजही निराळ्या रीतीने निवडलेल्या कलावंतांस आश्रय देते.

नेपोलियन सम्राट झाला तेव्हा दाविद त्याचा पहिला चित्रकार झाला आणि राज्यारोहणाचे सुमारे बत्तीस फूट रुंदीचे चित्र त्याने १८०७ मध्ये पुरे केले. नेपोलियन गेला, बूर्बोन राजघराणे परत आले, आणि राजवधास मत देणाऱ्या सभासदांस १८१६ मध्ये देशत्याग करावा लागला. दाविदने ब्रुसेल्स येथे बिऱ्हाड केले, तेथेही शिष्य शिकविले, चित्रे काढली. २९ डिसेंबर १८२५ रोजी तो तेथेच वारला. देह फ्रान्समध्ये आणण्यास सरकारने परवानगी दिली नाही. त्याचे हृदय तेवढे पॅरिसच्या दफनभूमीत पुरले आहे.

स्पर्धेतील त्याची चारही चित्रे शिल्लक आहेत. पारितोषिक मिळालेले वैद्याचे चित्र पॅरिसच्या कलाविद्यालयात आहे. हरलेल्या तिहींपैकी मार्स-मिनर्व्हाचे लूव्हर संग्रहालयात आणि सेनेकाचे पॅरिसमधीलच दुसऱ्या संग्रहालयात आहे. ज्याच्या पायी तो अडीच दिवस उपाशी राहिला, ते नायोबीच्या मुलांचे चित्र समुद्रापार अमेरिकेत, डॅलस येथील कलासंग्रहालयात पाहावयास मिळते.