वैमानिक जहांगीर रतनजी टाटा

आसनगाव, शहापूर, मुरबाड ह्या टापूंतील आमच्या विद्यार्थ्यांस डोक्यावरून जाणारीं मोठालीं विमानें नवीं नाहींत. परंतु नळ्या, लांकूड व कापड ह्यांच्या चिमुकल्या विमानानें ह्या देशांत केवढें कार्य आरंभिलें, हें थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून ज्यांच्या हातून तें घडलें, त्या जहांगीर रतनजी टाटा यांचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील पारशी व आई फ्रेंच. फ्रान्सच्या समुद्रकांठीं त्यांच्या सुटींतील घराजवळच इंग्लिश खाडी विमानानें प्रथम ओलांडणाऱ्या ब्लेरिओचें घर होतें. तेथें वाळूवर उतरणारें विमान पाहून ह्या बालकास उड्डाणाचा जो ध्यास लागला, तो जन्मभर सुटला नाहीं. मुंबईस फ्लाइंग क्लब निघतांच ते शिकूं लागले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजीं भारतांत दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांस मिळाला.

१९२९ सालीं आगाखानांनीं इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील प्रवास विमानानें एकट्यानें करणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचें बक्षीस लाविलें. १९३० सालीं टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्यें अबूकीर येथें दोघांची गांठ पडली, तेव्हां स्पार्क प्लगावांचून अस्पीचें विमान खोळंबलें होतें. टाटांनीं आपल्या जवळचे प्लग त्यास दिले. बक्षीस अस्पीस मिळालें व टाटा कांहीं तासांनीं मागें पडले. शर्यत गेली, पण माणुसकी राहिली. हाच अस्पी पुढें भारतीय हवाईदलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं पस मॉथ जातीच्या विमानांत टपाल भरून टाटा कराचीहून निघाले व अहमदाबादेवरून जुहूस उतरले. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आले. जुहूचें मैदान पावसाळ्यांत चिखलानें भरे, म्हणून तितके दिवस विमानें पुण्यास न्यावीं लागत. ह्याच रोपट्याचा पुढें एअर इंडिया हा वृक्ष झाला. ८ जून १९४८ रोजीं त्याचें विमान मुंबईहून लंडनास निघालें. १९५३ सालीं कंपनी सरकारी झाली, तरी १९७८ पर्यंत तिचें अध्यक्षपद टाटांकडेच होतें.

मोठालीं जेट विमानें हाताखालीं असतांही लहान विमानाचा त्यांस विसर पडला नाहीं. १९६२ सालीं व पुन्हां १९८२ सालीं, त्याच तिथीस, त्यांनीं कराची ते मुंबई हें उड्डाण लेपर्ड मॉथ ह्या १९३०च्या दशकांतील विमानांतून केलें. दुसऱ्या वेळीं त्यांचें वय ७८ वर्षांचें होतें. अशा विमानाचा सांगाडा लांकडाचा असतो. दमट हवेनें डिंकाचे सांधे सुटतात, पंखांवरील कापड विरतें; तें काढून नवें ताणून शिवावें लागतें व त्यावर डोप नांवाचें रोगण चढवावें लागतें, म्हणजे तें ढोलकीच्या कातड्यासारखें ताठ होतें. एक सांधा दुर्लक्षिला तरी उडणाऱ्याच्या प्राणाशीं गांठ! म्हणून त्या दिवशींच्या कौतुकांत मिस्त्री व शिंपी ह्यांच्या निनांवी हातांचाही वांटा आहे, असें आम्हांस वाटतें.

१९९२ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनीव्हा येथें त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं सर्वच वैमानिक होणार नाहींत. परंतु प्रतिस्पर्ध्यास प्लग देण्याचें औदार्य आणि जुनी वस्तु टाकून न देतां नीट करण्याची चिकाटी, हीं दोन्हीं आपल्या खेड्यांतही साध्य आहेत.