किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईस गेले. परंतु रंगांतील भेद डोळ्यांना नीट उमगेना, म्हणून यंत्ररेखन शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. तेथे त्यांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. ज्येष्ठतेच्या यादीकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांस त्या राजीनाम्याचे मोल निराळे सांगावयास नको!

बेळगावात सायकलींचे दुकान झाले, मग लोखंडी नांगर. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे तेथील जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली व १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

अशा उजाड माळावर कामगाराने टिकावे कशासाठी? भांडवल तर तुटपुंजे. लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबर गावच उभारले आणि स्वतः तेथेच राहिले. अस्पृश्यतेस वाडीत थारा दिला नाही. तुरुंगवास भोगून आलेल्यांना, ज्यांना कोणी दारात उभे करीना, त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. बढतीत डावलला गेलेला माणूसच इतरांवर इतका विश्वास टाकू शकतो, असे आम्हांस वाटते. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अंतोबा फळणीकर हे सहकारी वाडीच्या उभारणीत घरच्यासारखे खपले.

भिलाईची वसाहत पाहिलेल्या आम्हा रायपूरकरांस कारखान्याभोवतीचे गाव नवलाचे नाही. परंतु वाडी त्याआधी सुमारे पंचेचाळीस वर्षांची. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले.