सर्पगृहाची यजमानीण : मिस जोन प्रॉक्टर

पूर्वी गावच्या जत्रेत गारुड्याने टोपलीचे झाकण उघडले, की आबालवृद्धांची झुंबड उडत असे. पाहणारे क्षणभर शहारत, हसत आणि आपापल्या वाटेने जात. परंतु टोपलीतल्या त्या मुक्या पाहुण्यास पुरेशी ऊब मिळते काय, प्रकाश मिळतो काय, अन्न पचते काय, हे प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येत. ज्या विदुषीने हेच प्रश्न जन्मभर विचारले आणि स्वतःचे शरीर साथ देत नसताना त्यांची उत्तरे शोधली, त्या मिस जोन बीचम प्रॉक्टर यांचे अल्प चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

जोनबाईंचा जन्म ५ ऑगस्ट १८९७ रोजी लंडन येथे झाला. वडील शेअरदलाल होते व आई चित्रकार होती. इतर मुली बाहुल्यांशी खेळतात त्या वयात ही मुलगी सरडे व साप पाळू लागली. एक आवडता सरडा तर जेवणाच्या वेळी तिच्या ताटाशेजारी बसे. सोळाव्या वर्षी तिने सुसरीच्या जातीचे एक पिल्लू पाळले व एके दिवशी ते शाळेत गणिताच्या तासास नेले! त्या वेळी वर्गातील शिक्षकांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आम्हां शिक्षकांस चांगलीच करता येते.

मुलगी बुद्धिमान होती. पण पोटाच्या जुनाट विकाराने तिला लहानपणापासून ग्रासले होते. त्यामुळे विश्वविद्यालयात जाण्याची आशा सोडावी लागली. अशा वेळी कित्येक जण दैवाला दोष देत बसतात. जोनबाईंनी तसे केले नाही. ब्रिटिश म्युझियममधील सरीसृपशास्त्राचे थोर पंडित जॉर्ज बूलेंजर यांनी त्यांची तळमळ ओळखली व १९१६ साली त्यांस आपल्या हाताखाली घेतले. पुढच्याच वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत, त्यांनी लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे आपला पहिला निबंध मांडला. १९२० साली बूलेंजर निवृत्त झाले, तेव्हा सरीसृप विभागाचा भार या तरुणीवर येऊन पडला. पूर्व आफ्रिकेत भाकरीसारखे चपटे व मऊ पाठीचे एक कासव आढळते. त्याची बारकाईने तपासणी करून १९२२ साली त्यांनी दाखवून दिले की, तो चपटेपणा हा रोग नसून त्या प्राण्याची स्वाभाविक घडण आहे. प्राणी जसा आहे तसा आधी समजून घ्यावा, ही त्यांची रीत या लहानशा गोष्टीतही दिसून येते.

१९२३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सरीसृप विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली. सरपटणाऱ्या प्राण्यांस आपल्याप्रमाणे अंगची ऊब निर्माण करता येत नाही. बाहेरून उष्णता न मिळाल्यास त्यांस खाल्लेले अन्नही पचत नाही. शिवाय साधी काच सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अडविते व त्या किरणांवाचून पुष्कळ प्राण्यांची हाडे दुबळी होतात. हे सर्व ध्यानात घेऊन जोनबाईंनी नव्या सर्पगृहाची योजना आखली. प्रत्येक प्राण्याच्या गरजेप्रमाणे विजेची निरनिराळी ऊब, अतिनील किरण आत येऊ देणारी विशेष काच, प्राण्यांच्या दालनात उजेड आणि प्रेक्षकांच्या मार्गात मंद छाया, अशी ती रचना होती. १९२७ साली हे गृह खुले झाले. पाहणाऱ्यांची सोय तेथे होतीच. पण तिच्याआधी पाहुण्यांची झाली होती.

त्याच वर्षी कोमोडो बेटाकडील दोन अजस्र घोरपडी लंडनला आल्या. ही जात शास्त्रज्ञांस १९१२ पासूनच ठाऊक झाली होती. ती सुमारे दहा फुटांपर्यंत वाढते व हरणासारखी जनावरे मारून खाते. लोकांस वाटले, आता राक्षसच आला! परंतु सुंबावा नावाच्या घोरपडीस जोनबाईंनी धीराने इतके माणसाळविले की, १९२८ साली विद्वानांच्या भरसभेत ती त्यांच्या हातून कोंबडी व अंडी खात होती आणि बाई शांतपणे तिचे अंग खाजवीत होत्या.

या काळात त्यांचे दुखणे वाढतच होते. पुढे चालवेना, तेव्हा त्या विजेच्या खुर्चीत बसून संग्रहालयात फेरी घालीत. १९३१ साली शिकागो विश्वविद्यालयाने त्यांस सन्माननीय डॉक्टरची पदवी अर्पण केली. ज्यांस विश्वविद्यालयाची पायरी चढता आली नव्हती, त्यांचा गौरव एका विश्वविद्यालयाने आपण होऊन केला. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. पुढे त्यांचा संगमरवरी अर्धपुतळा त्यांच्याच सर्पगृहात बसविण्यात आला.

विद्यार्थीमित्रहो, जोनबाईंचे धाडस वाचून कोणी रानातील सापास हात लावू नये. त्यांच्या धाडसामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी साप शेतावाडीत आढळतात. त्यांच्यापासून दूर राहणे हाही ज्ञानाचाच भाग होय. आता तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातील साप पकडून खेळ करण्यास बंदी आहे. भीतीपोटी काठी उगारणे सोपे आणि मौजेखातर टोपलीत कोंडणे त्याहून सोपे. समजून घेणे मात्र कठीण. जी यजमानीण स्वतः वेदनेने तळमळत असताना आपल्या मुक्या पाहुण्यांच्या उबेची काळजी वाहत होती, तिने तो कठीण मार्ग चोखाळला, म्हणून तिचे स्मरण करावयाचे.