बाबासाहेबांचे परदेशातील विद्यार्थीजीवन



जयंतीला आपल्या विहारात पोरं बाबासाहेबांच्या पदव्या घडाघडा म्हणून दाखवतात. ऐकून छाती फुगते. पण त्या पदव्या मिळवताना ते राहिले कुठे, खाल्लं काय, असं विचारलं तर आपण मोठी माणसंही गप्प बसतो. मी काही कॉलेजात गेलेला नाही. गिरणीच्या रात्रपाळ्या करता करता जे वाचलं, त्यातूनच हे लिहितो आहे.

१९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी वारले आणि त्याच जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहातलं जेवण मानवेना म्हणून त्यांनी जागा बदलली. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. सुरुवातीचे काही महिने हिंडण्याफिरण्यात गेले, हेही सांगायला हवं, तेही तरुणच होते. शाळेत ज्याला गोणपाटावर वेगळं बसवलं, ज्याला शिपाई आल्याशिवाय पाणी मिळत नव्हतं, तो इथे चारचौघांबरोबर एका टेबलावर जेवत होता. मला वाटतं, एम.ए.च्या आधी त्यांना तिथे मिळालं ते हे. मग मात्र अभ्यासाला जुंपून घेतलं. शिष्यवृत्तीतून घरीही पैसे पाठवायचे आणि उरतील त्यातून जुनी पुस्तकं घ्यायची. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला.

तिथून लंडनला गेले, पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. त्यांचं सामान दुसऱ्या बोटीने येत होतं, ती बोट महायुद्धात बुडाली. पुस्तकं गेली. सामानाची भरपाई मिळाली, त्या पैशातून बडोद्याला जाण्याचा खर्च भागला. आणि बडोद्यात काय झालं? पारशी धर्मशाळेत उतरले, तर काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं. न्यूयॉर्कमध्ये पारशी मित्र एका खोलीत राहतो आणि बडोद्यात तेच लोक दारात उभं करत नाहीत. माणसं तीच, हवा वेगळी.

१९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले. सिडनहॅम कॉलेजच्या प्राध्यापकीतून काटकसरीने साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि त्याच नवल भथेनांकडून पाच हजार रुपये कर्ज, एवढी शिदोरी होती.

ही लंडनची वर्षं वाचताना घशाखाली घास उतरत नाही. सकाळी घरमालकीण पावाचा तुकडा, थोडा जॅम आणि चहा देई. तेवढ्यावर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय गाठायचं आणि ते बंद होईपर्यंत बसायचं. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. गाडीभाडं वाचवायला पायी चालायचं. रात्री अभ्यासात भूक असह्य झाली की ओळखीच्या एका गुजराती माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे, सोबत कपभर दूध. मीही रात्रपाळीला अर्ध्या पोटी उभा राहिलो आहे, पण पाळी सुटली की घरी भाकरी असायची.

आणि इकडे परळला, पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत, रमाई संसार ओढत होत्या. त्यांनी थापलेल्या गोवऱ्यांच्या गोष्टी आपल्या आयाआज्यांनी आपल्याला सांगितल्याच आहेत. लंडनच्या पापडाचा हिशेब मांडताना हा हिशेब वेगळा काढता येत नाही.

१९२१ साली एम.एस्सी. झाले, पुढे बॅरिस्टर झाले. १९२२ च्या ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी तो काही ठिकाणी बदलून लिहायला सांगितला. सरकारवरची टीका तिथे बोचली होती. लंडनमध्ये थांबायला पैसे नव्हते. १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईला परतले आणि तो प्रबंध इथे बसून दुरुस्त केला. माहीमहून परळ कितीसं लांब? त्या चाळीच्या दोन खोल्यांत मुलंबाळं, शेजारपाजार, नळावरचा गलबला, आणि त्यातच हे लिखाण. दुरुस्त प्रबंध लंडनला पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी.ची पदवी मंजूर झाली.

लंडनमधलं किंग हेन्री रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं.