महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

दांडेली, हल्याळ, धारवाड ओलांडले की हुबळी येते. दवाखान्याला, बाजाराला तेथे जाणाऱ्या आपल्या जोयडा तालुक्यातील वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की, अस्पृश्यांच्या सेवेसाठी मुंबईत निघालेल्या एका मंडळीची शाखा पूर्वी या गावी होती. ती मंडळी म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन, अर्थात भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी. तिचे संस्थापक महर्षी विठ्ठल रामजी शिंदे.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. संस्थान पटवर्धनांचे, मुलूख कानडी, घर मात्र मराठी आणि वारकरी. १८९८ साली ते बी. ए. झाले. प्रार्थना समाजाच्या ओढीने ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले व १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षे त्यांनी तेथे धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. परत आल्यावर मोठ्या नोकरीमागे न लागता त्यांनी समाजाचे प्रचारकार्य पत्करले.

१९०५ साली अहमदनगरजवळील भिंगार येथे अस्पृश्य बांधवांच्या रात्रीच्या सभेला ते गेले. तेथील दैन्य पाहून पुढील आयुष्य याच कामाला वाहण्याचा त्यांनी निश्चय केला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ येथे मिशनची पहिली शाळा उघडली. नारायणराव चंदावरकर अध्यक्ष, शिंदे चिटणीस. पण कागदावरच्या पदांनी शाळा चालत नसतात. शिंदे आपले सारे बिऱ्हाड घेऊन कामात उतरले. सासरचा जाच सोसून माहेरी आलेल्या भगिनी जनाबाई मिशनच्या कार्यकर्त्या झाल्या. सय्यद अब्दुल कादर यांच्यासारखा मुसलमान गृहस्थही या कार्यात होता. कायकाची थोरवी जाणणाऱ्या वाचकांना या माणसांची योग्यता वेगळी सांगायला नको.

१९१२ साली शिंद्यांनी पुण्यास मुक्काम हलविला. तेथे पुढे अहल्याश्रम उभा राहिला. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला, त्यामागे त्यांची खटपट होती.

इतके करूनही त्यांच्या वाट्याला एकटेपण आले. स्वजातीयांना ते परके वाटू लागले. ज्यांच्यासाठी घरदार पणाला लावले, त्यांच्यातही असंतोष वाढला. मिशन आमचे, तर कारभार आमच्या हाती का नाही, असा त्यांचा सवाल होता. आमच्या मते तो रास्त होता. उपकार करणारा कितीही सज्जन असो, घेणाऱ्याची मान खालीच राहते. १९२३ साली शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. सतरा वर्षे वाढविलेली संस्था सोडणे सोपे नव्हते.

पुढल्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. १९२७ साली समता सैनिक दल उभे राहिले. आता स्वयंसेवक अस्पृश्य समाजातलेच होते.

शिंदे यांनी काम सोडले नाही. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगवास भोगला. १९३३ साली त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २ जानेवारी १९४४ रोजी ते निवर्तले.